केम्निट्झमध्ये नवीन आहे: बाकीच्यांची पत्रं येतात, माझं एकही येत नाही

मागावरचा_पोरगा

नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीचा. सप्टेंबरच्या शेवटी जर्मनीत केम्निट्झला आलोय, टीयूमध्ये (तांत्रिक विद्यापीठात) ऑटोमोटिव्ह सॉफ्टवेअरच्या मास्टर्सला. घरी यंत्रमाग आहेत, त्यामुळं मला खडखडाटात झोप लागते. इथं रात्री इतकं शांत असतं की फ्रिज चालू झाला तरी जाग येते. ते असो, सवय होईल. खरी अडचण वेगळी आहे.

वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून झोनेनबेर्ग भागात एका वेगेमध्ये, म्हणजे मिळून राहायच्या भाड्याच्या घरात, खोली घेतली. तिघं आहोत: एक जर्मन मुलगा, एक व्हिएतनामी मुलगी आणि मी. मी इथं राहतो असा कागद घरमालकानं लगेच दिला, आन्मेल्डुंग (नगरपालिकेत पत्त्याची नोंद) दोन आठवड्यांच्या मुदतीत झालं, खिडकीवरच्या बाई सुद्धा चांगल्या होत्या. मला वाटलं सुटलो. पण तिथून पुढं सगळं थांबलंय. बँकेचं कार्ड पोस्टानं येणार, पिन वेगळ्या पाकिटातून येणार, ॲप सुरू करायचा कोड आणखी वेगळ्या पाकिटातून येणार. विम्याचं कार्ड येणार. टॅक्सचा नंबर येणार. बँक म्हणते पाठवलं, विम्यावाले म्हणतात पाठवलं. माझ्याबरोबर विमानात आलेल्या सोलापूरच्या मुलाला वसतिगृहावर सगळं मिळालंसुद्धा. मी येता-जाता पेटीत डोकावतो तर आत पिझ्झाच्या जाहिराती.

ब्लॉक्ड अकाऊंटवाल्यांचा (व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवतो, तो दर महिन्याला थोडा थोडा सोडतात) मेल आलाय की पहिले ९९२ युरो तुमच्या खात्यात जमा केले. म्हणजे पैसे माझेच, खातं माझंच, आणि हात लावता येत नाही. वर्षाचे ११,९०४ युरो म्हणजे बारा लाखांच्या वर जातात. बाबांनी दोन माग विकले आणि उरलेलं कर्ज काढलंय. आता त्यांना 'पैसे आहेत पण काढता येत नाहीत' असं कोणत्या तोंडानं सांगू? फॉरेक्स कार्डावरचं जवळजवळ सगळं भाडं आणि डिपॉझिटमध्ये गेलं. थोडी रोकड आहे, ती पुरवून पुरवून वापरतोय.

त्यात आल्या आल्या ३ ऑक्टोबरची सुट्टी निघाली. दुकानं बंद. मध्ये रविवार आला, परत बंद. परवा डाळीला फोडणी दिली तर पॅसेजमधला धुराचा अलार्म कोकलायला लागला आणि जर्मन मुलगा टॉवेल गुंडाळूनच बाहेर आला. काही बोलला नाही बिचारा, पण बघितलं त्यानं.

पत्रांचं काय करू? पोस्टात जाऊन विचारायचं का? पत्ता मी तीन-तीनदा तपासलाय.

द्रेस्डेनचा_दादरकर

एकच प्रश्न. पेटीवर तुझं नाव आहे का?

मागावरचा_पोरगा

माझं नाही. जर्मन मुलाचं आडनाव आहे, व्हिएतनामी मुलीचं आहे आणि तिसरं बहुतेक माझ्या आधी या खोलीत राहणाऱ्याचं. पण रस्ता, घर क्रमांक, पिनकोड सगळं बरोबर आहे की. नाव कशाला लागतंय?

मिरजेची_मृ

दादरकरांनी बरोबर नस पकडली. मी केम्निट्झमध्येच असते, शिकायला आले आणि आता नोकरी करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडं पोस्टमन माणसाला ओळखतो. 'अमुक मागवाले, मारुतीच्या देवळामागं' एवढ्यावर मनीऑर्डर घरात येते. इथं एका इमारतीत दहा घरं असली तरी बहुतेक ठिकाणी पत्त्यात फ्लॅट नंबर हा प्रकारच नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड, गाव, संपलं. त्या दहा घरांतलं तुझं कुठलं हे सांगणारी एकच वस्तू म्हणजे पेटीवरचं नाव. ते नसेल तर पोस्टाच्या लेखी तू तिथं राहतच नाहीस, मग नगरपालिकेत नोंद असो वा नसो. पाकीट पाठवणाऱ्याकडं परत जातं. तुझं कार्ड आत्ता बहुतेक बँकेत परत जाऊन पडलं असेल आणि त्यांच्या यंत्रणेत तुझ्या नावापुढं 'पत्ता चुकीचा' अशी खूण झाली असेल.

तेव्हा हे वाचून झालं की उठ, कागदाची पट्टी काप, ठळक अक्षरांत नाव लिही आणि पेटीवर पारदर्शक चिकटपट्टीनं लाव. खाली दाराच्या बेलवर पण लाव. पार्सलवाला बेलवरचंच नाव बघतो. घरमालक नंतर छापील पट्टी देईल, आधी विचारलेलं बरं, पण त्याच्या उत्तराची वाट बघत बसू नकोस.

नाव कुठलं, तेही सांगते. आपल्या पासपोर्टात 'दिलेलं नाव' या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन नावं बऱ्याचदा एकत्र असतात. इथले संगणक त्याचं काय करतील सांगता येत नाही. मला एका ठिकाणाहून वर्षभर बाबांच्या नावानं पत्रं येत होती, पुढं 'श्रीमती' लावून. बाबांना फोटो पाठवला तर त्यांनी तो सगळ्या वाड्याला दाखवला. म्हणून पेटीवर पासपोर्टात आहे तसं पूर्ण नाव घाल. जर्मन लोक फक्त आडनाव लावतात, त्यांचं त्यांना लखलाभ.

पट्टी लावलीस की बँकेला फोन न करता शाखेत जा. पासपोर्ट आणि आन्मेल्डुंगचा कागद घेऊन. कार्ड, पिन आणि कोड तिन्ही परत पाठवायला सांग, 'पत्ता तोच आहे, पेटीवर नाव आत्ता लावलं' असं स्पष्ट म्हण. आणि तिथंच विचार की ओळख पटवून काउंटरवरून रोख काढता येईल का. शाखा असलेल्या बँकेत बऱ्याचदा येते. तुझी घाईची गरज तिथंच भागेल.

विम्याचं कार्ड नाही म्हणून घाबरू नकोस. विमा कार्डामुळं नसतो, सभासदत्वामुळं असतो. त्याशिवाय तुझा प्रवेशच झाला नसता. मध्येच डॉक्टर लागला तर विमा कंपनीकडून दाखला मेलवर मागव, तेवढ्यावर भागतं. हप्ता महिन्याला साधारण १४५ युरोच्या आसपास जाईल. त्यात एक गंमत आहे: २३ वर्षं पूर्ण झाली आणि मूल नसेल तर काळजी-विम्याचा (म्हातारपणी किंवा आजारपणात सांभाळ करण्यासाठीच्या विम्याचा) भाग थोडा जास्त लावतात. हे घरी सांगू नकोस, लगेच स्थळं बघायला लागतील.

टॅक्स नंबरचं पाकीट तर अजून निघालंही नसेल. नोंद झाल्यावर ते केंद्रीय कर कार्यालयातून येतं, दोन-तीन आठवडे लागतात. त्यातही तुझं नाव पेटीवर असलं की झालं. हरवलंच तर त्यांच्या संकेतस्थळावर परत मागवता येतं, पण ते पुन्हा पोस्टानंच पाठवतात, फोनवर कुणी सांगत नाही.

पैशांची अगदीच ओढाताण झाली तर लाजू नकोस. श्टुडेंटेनवेर्ककडं (वसतिगृहं, जेवण वगैरे बघणारी विद्यार्थ्यांची संस्था) सामाजिक सल्ल्याची खिडकी असते. शिवाय इथल्या चर्चच्या विद्यार्थी मंडळांकडं परदेशी विद्यार्थ्यांच्या अडीअडचणीसाठी मदत असते, ती घ्यायला ख्रिश्चन असावं लागत नाही. तोवर एक वेळ मेन्झामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, जेव. विद्यार्थ्याच्या दरात काही युरोत गरम जेवण होतं.

बाबांना मात्र सांग. 'बँकेचं कार्ड पोस्टात अडकलंय, चार दिवसांत येईल' एवढं वाक्य पुरे. माग विकणाऱ्या माणसाला कार्ड उशिरा येणं कळतं, पोरगं फोनवर तुटक बोलायला लागलं की ते कळत नाही.

फोडणीचं: साक्सनमध्ये, म्हणजे आपल्या या राज्यात, अलार्म झोपायच्या खोल्यांत आणि पॅसेजमध्ये सक्तीचे आहेत, स्वयंपाकघरात नाहीत. त्यामुळं स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी सताड उघडी (नुसती वरून कललेली नको) आणि मग मोहरी. जर्मन मुलाला एकदा त्या डाळीचं ताट दे. त्यानं बघितलं ते रागानं नसणार, भिजलेल्या अंगानं बाहेर आलेला माणूस तसाच बघतो.

आणि झोपेचं. इचलकरंजीला आपण महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतो ना, तसं केम्निट्झला साक्सनचं मँचेस्टर म्हणायचे. कापड, सूत, यंत्रं यांवर हे गाव मोठं झालं. विद्यापीठाचं मध्यवर्ती ग्रंथालय २०२० पासून जुन्या सूतगिरणीत आहे. विटांच्या भिंती, लोखंडी खांब, आणि खांबांमध्ये पुस्तकं. औद्योगिक संग्रहालयात जुनी विणकामाची यंत्रं आहेत, चालू करूनही दाखवतात. तिकडं जाऊन एक डुलकी काढून ये.

खरं_तेच_बोलणार

एवढं पुराण कशाला? शाखेच्या बँकेत खातं काढलं हीच चूक. फोनवर उघडणारं ऑनलाईन खातं घ्यायचं, दहा मिनिटांत काम. आणि वेगेच्या भानगडीत न पडता चार भारतीय मुलांनी मिळून घर घ्यायचं. ना अलार्मची कटकट, ना डाळीचं ताट. आम्ही तेच केलं, आजवर काही अडलं नाही.

द्रेस्डेनचा_दादरकर

ऑनलाईन खात्याचं निम्मं खरं आहे. व्हिडिओवर ओळख पटवताना भारतीय पासपोर्ट काही बँका घेतात, काही घेत नाहीत, आणि हे अधूनमधून बदलतं. शिवाय कार्ड पोस्टानंच येतं. पेटीवर नाव नसेल तर तेही परतच जाणार. तेव्हा मूळ मुद्दा तिथंच राहतो.

चार भारतीयांचं घर म्हणाल तर मीही राहिलोय. जेवणाची चंगळ होते हे मान्य. पण दोन वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीत 'स्वतःबद्दल सांगा' इथंच माझं जर्मन संपलं. या मुलाला घरातच बोलायला एक जर्मन आयता मिळालाय, त्याचा उपयोग करून घेऊ दे की.

मिरजेची_मृ

खरंबोलणारे भाऊ, चौघांच्या नावाच्या पट्ट्या तुमच्यापैकी कुणीतरी पहिल्याच दिवशी लावल्या असतील, म्हणून तुमचं अडलं नाही. ज्यानं लावल्या त्याला विचारा.

नाशिककर_आई

मी इथे फक्त वाचत असते, पण हे वाचून लिहावंसं वाटलं. माझी मुलगी एप्रिलच्या सेमिस्टरला जर्मनीत जाणार आहे. गाव अजून ठरायचं आहे. यादी आत्तापासून चालू आहे: कुकर, पोळपाट, दोन किलो साजूक तूप, खवा घातलेल्या करंज्या, कढीपत्ता, गोडा मसाला. तिचे बाबा म्हणतात यातलं निम्मं विमानतळावरच काढून घेतील. खरं का? आणि दिवाळीला फराळ पोस्टाने पाठवला तर पोहोचतो का?

मिरजेची_मृ

काकू, या वेळी काकांचं ऐका. युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. तूप आणि खवा दोन्ही त्यात आले. ताजा कढीपत्ताही चालत नाही, कारण ताज्या पाल्याला, भाजीला, फळांना रोग नसल्याचा सरकारी दाखला लागतो. त्यातून ज्या फळांना सूट आहे त्यात नारळ आहे. म्हणजे कढीपत्ता अडवतील आणि नारळ जाऊ देतील. पण दोन किलो तुपाच्या जागी दोन किलो नारळ भरू नका, इथं मिळतात.

तुपाची काळजी सोडा. इथं प्रत्येक किराणा दुकानात बुटरश्माल्झ नावानं डबा मिळतो, तो म्हणजे कढवलेलं लोणीच. वास आपल्या तुपाइतका खमंग नाही, पण वरणभातावर कुणाला कळत नाही. मन मानत नसेल तर साधं लोणी आणून घरी कढवायचं. चक्का हवा असेल तर क्वार्क म्हणून मिळतो. फडक्यात रात्रभर टांगला, साखर-वेलची घातली की श्रीखंड. जर्मनीतल्या अर्ध्या मराठी घरांचा पाडवा क्वार्कवर निघतो. तूरडाळ भारतीय किंवा आशियाई दुकानात, कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्या तुर्की दुकानात, तिथं मसूरडाळही स्वस्त असते. बेसन तर औषध-साबणाच्या दुकानातसुद्धा चण्याचं पीठ म्हणून ठेवतात.

तुम्ही द्यायचं ते हे: गोडा मसाला, भाजणी, लसणाची चटणी, शेंगदाण्याचं कूट, मेतकूट. यातलं काहीच इथं मनासारखं मिळत नाही. मसाल्याला दोन पिशव्या लावा, नाहीतर पदवीच्या कागदांनाही गोड्या मसाल्याचा वास येतो. कुकर द्या, पण स्टीलचा. इंडक्शन शेगडीवर ॲल्युमिनियमचा चालत नाही आणि खोलीत कुठली शेगडी मिळेल ते आधी कळत नाही. आपल्या तीन गोल पिनांचा प्लग इथं बसत नाही, एक-दोन अडॅप्टर लागतील.

फराळाचं पार्सल: घरच्यांनी घरच्यांना पाठवलेल्या भेटीवर ४५ युरोपर्यंत कर नाही. वर यादी आणि किंमत खरी लिहायची. नुसतं 'खाऊ' लिहिलं की पार्सल सीमाशुल्कवाल्यांकडं जातं आणि मुलीला स्वतः जाऊन उघडून दाखवावं लागतं. चकली, चिवडा, कडबोळी, शंकरपाळी तेलात तळलेली पाठवा, बेसनाचे लाडू ती तिथं करेल. आणि बॉक्सवर तिचं नाव पेटीवर असेल अगदी तसं लिहा. आता तुम्हालाही कळलंच आहे का ते.

नाशिककर_आई

धन्यवाद गं. हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं. काकांना दाखवलं नाही.

द्रेस्डेनचा_दादरकर

काकू, घड्याळाचंही वहीत घ्या. एप्रिलमध्ये ती गेली की भारतापेक्षा साडेतीन तास मागे असेल. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात, तेव्हापासून साडेचार. तुमच्या रात्री साडेदहाला तिथे संध्याकाळचे सहाच वाजलेले असतील आणि ती वर्गात किंवा बसमध्ये असेल. फोन उचलला नाही म्हणून तिच्या मैत्रिणींना फोन लावत बसू नका. माझ्या आईने लावले होते.

मागावरच्या पोरा, तुलाही एक सांगून ठेवतो. ३१ ऑक्टोबरला साक्सनमध्ये परत सुट्टी आहे, रिफॉर्मेशनचा दिवस. आणि नोव्हेंबरात एका बुधवारी अशी सुट्टी येते जी सगळ्या जर्मनीत फक्त साक्सनमध्ये उरली आहे. त्या दिवशी शेजारच्या राज्यात दुकानं चालू आणि आपली बंद. तांदूळ आदल्या दिवशी आणून ठेव. अगदीच राहिलं तर मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं उघडी असतात, पण भाव बघून भूक जाते.

मागावरचा_पोरगा

ताई, दादा, पट्टी लावली. व्हिएतनामी मुलीनं बघितलं आणि हसली. म्हणाली तिनं आल्या दिवशीच लावली होती, तिला तिच्या मावशीनं सांगितलं होतं. प्रत्येकाला अशी एक मावशी लागते.

बँकेच्या शाखेत गेलो. कार्ड खरंच परत आलेलं, ते म्हणे फोडून नष्ट केलं, नवीन पाठवतो. पण पासपोर्ट बघून २०० युरो काउंटरवर दिले. विम्याचं पाकीट दोन दिवसांत आलं, कार्ड नाही पण पत्र तरी. माझ्या नावाचं पहिलं पाकीट म्हणून फोटो काढून घरी पाठवला. बाबांना कार्डाचं सगळं सांगितलं. ते म्हणाले 'बरं', आणि मग शेजारच्या कारखान्यात कुणी नवीन एअरजेट माग आणलेत त्यावर पाऊण तास बोलले.

जर्मन मुलाला डाळभात दिला. खाल्ला, घाम पुसला, परत घेतला. रात्री विचारतो, यात ते काळं गोल काय होतं, तुम्ही ते जाळलं होतं का? मोहरी म्हणून सांगितलं तर त्यानं फ्रिजमधून मोहरीच्या चटणीची ट्यूब काढून दाखवली.

ग्रंथालयात पण जाऊन आलो. खांब बघितल्यावर पट्टे कुठून जात असतील ते लगेच कळलं. बाबांना व्हिडिओ कॉल लावून दाखवणार होतो पण आत बोलू देत नाहीत.

आता नवीन भानगड. पेटीवर नाव लागलं आणि आज एक पत्र आलं, दर महिन्याला १८.३६ युरो भरा म्हणून, रेडिओ-टीव्हीचे. माझ्याकडं टीव्ही नाही, रेडिओ नाही. सोलापूरचा म्हणतो हा फसवणुकीचा प्रकार आहे, फाडून टाक. फाडू का?

द्रेस्डेनचा_दादरकर

फाडू नकोस!! ते खरं आहे. आन्मेल्डुंग केलं की नगरपालिकेकडून त्यांना तुझा पत्ता जातो. टीव्ही असो-नसो, दर घराला द्यावंच लागतं. उत्तर दिलं नाही तर ते थकबाकी धरून वाढत जातं आणि मग वसुलीची पत्रं येतात.

मिरजेची_मृ

पण घराला, माणसाला नाही. तुमच्या वेगेत तिघांत मिळून एकच वर्गणी. जर्मन मुलगा किंवा ती मुलगी आधीच भरत असणार. ज्याच्या नावावर आहे त्याचा वर्गणी क्रमांक विचार, तो फॉर्ममध्ये घाल आणि 'या घरासाठी हा माणूस भरतो' ही खूण कर. ऑनलाईन होतं. मग तुझ्या वाट्याचे सहा युरो बारा सेंट त्याला दर महिन्याला दे.

सोलापूरच्याला पण सांग. त्याची खोली वसतिगृहाच्या सामाईक पॅसेजवर थेट उघडत असेल तर ती एकटी खोलीच घर धरतात आणि त्याला पूर्ण भरावे लागतील. त्यानं फाडलं असेल तर दुसरं येईल.

मागावरचा_पोरगा

त्यानं फाडलंय.